छोट्या आगगाडीचे बारीक भाग

आगगाडी सर्वांना आवडते. खरी गाडी घरी आणता येत नाही, म्हणून लोक तिची छोटी प्रतिकृती करतात. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. पण पुठ्ठ्याचा डबा आणि चाके एवढ्याने काम भागत नाही. बारीक भाग बरोबर लावले, की मगच ती कोणती गाडी आहे ते ओळखू येते.

आपण आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे घेऊ. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली. ती १८९७ साली बार्शीला आली आणि १९११ साली येडशी, ढोकीवरून लातूरला पोचली. तिच्या दोन रुळांत अडीचच फूट अंतर होते. मालडबा २५ फूट लांब, ७ फूट रुंद. एका फुटाला एक सेंटिमीटर धरायचा. मग रूळ अडीच सेंटिमीटरवर, डबा २५ सेंटिमीटर लांब आणि माणूस साधारण साडेपाच सेंटिमीटर. सगळे भाग याच मापाने करायचे. शिट्टी माणसाएवढी झाली तर ते नुसते खेळणे!

प्रत्येक भागाला काही काम असते.

इंजिन : वर धूर जायला धुराडे, वाफ साठायला घुमट, जादा वाफ सोडायला झडप. पुढे दिवा. चढायला पायऱ्या आणि धरायला दांडा. दांड्याला बारीक तार चालते.

डबा : चाके चार नव्हे, आठ लावा. डब्याखाली दोन्ही टोकांना चार-चार चाकांचे फिरते सांगाडे होते. त्यामुळे वजन वाटले जायचे, हलके रूळ दबायचे नाहीत आणि वळणावर डबा सहज वळायचा. डबे जोडायचा आकडा मधोमध लावा.

पूल : जुने लोखंडी पूल रिवेट ठोकून जोडत. पुठ्ठ्याला मागून कंपासच्या टोकाने हळूच टोचा. पुढे ठिपके उठतात, ते रिवेट झाले. स्लीपरला आगकाड्या लावा, पण गूल काढून. दगडी खांबाची पाणी येते ती बाजू टोकदार ठेवा. खऱ्या पुलाला त्यामुळे पुराचा जोर कमी लागतो.

२००८ साली कुर्डुवाडी ते लातूर रस्ता साडेपाच फुटी रुळांचा झाला. ती छोटी गाडी आमच्या वर्गात कुणीच पाहिलेली नाही. पुस्तकात लांबी-रुंदी सापडते. पण डब्याला किती पायऱ्या होत्या, खिडकीला गज होते का, दिवा कुठे टांगायचे, हे त्यात बसलेल्या माणसांनाच ठाऊक.

म्हणून पालकांना विनंती आहे, की तुम्ही त्या गाडीत बसला असाल तर आम्हाला जरूर सांगा. घरी आजी-आजोबांनाही विचारा. तुम्ही सांगाल तो भाग आम्ही मापाने करू.