टायर मोठे, गाडी उंच : काळ्या मातीतले गणित

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की नांदेड-लातूरकडच्या पाणंदीतून सायकल नेणे म्हणजे काय, हे तिकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. शंभर पावले गेली नाहीत तोच चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळ्या चिखलाचा गोळा घट्ट बसतो. चाक फिरेनासे होते. मग काटकी घेऊन तो चिखल कोरून काढायचा, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पुढे निघायचे. बैलगाडी मात्र याच वाटेने कुरकुरत का होईना, पण जाते. तिचे चाक चांगले मोठे असते आणि त्यावर मडगार्ड नसते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा; पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

जीप किंवा तशाच धाटणीच्या गाड्या बाळगणाऱ्यांपैकी काही जण मूळचे टायर काढून त्यांहून मोठे टायर बसवतात आणि गाडीचा सांगाडा दोनेक इंच वर उचलून घेतात. असे केले की गाडी चिखलात रुतत नाही, दगडाला टेकत नाही, असे ते सांगतात. हे कितपत खरे आहे? त्यासाठी लागणारे सारे गणित नववी-दहावीच्या पुस्तकात आहे. ते आपण करून पाहू या.

प्रथम टायरवरचे आकडे वाचायला शिकू. बोलेरो गाडीच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले आढळते. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात सुमारे १६१ मिलिमीटर. १५ हा आतल्या लोखंडी रिमचा व्यास, पण तो इंचांत! एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच यांची अशी खिचडी दुसरीकडे क्वचितच सापडेल. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो.

आता त्याऐवजी २३५/७५ आर १५ हा टायर घेऊ. याच रीतीने त्याचा व्यास ७३३.५ मिलिमीटर भरतो. व्यास ३० मिलिमीटरने वाढला. मग गाडी किती उंच झाली? तीन सेंटिमीटर, असे उत्तर घाईने दिले जाते. पण आस चाकाच्या मध्यभागी असतो. जमिनीपासून आसापर्यंतचे अंतर म्हणजे व्यास नव्हे, त्रिज्या. म्हणून आस वर गेला तो फक्त दीड सेंटिमीटर.

दीड सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असे मात्र समजू नका. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाऊन जाऊन पाणंदीत दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि त्यांच्यामध्ये मातीचा उंचवटा राहतो. अशा गाडीच्या मागच्या आसावर मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून आलेली गती दोन्ही चाकांना वाटून देणारे दाते त्याच्या पोटात असतात. गाडीतला हाच भाग जमिनीला बहुधा सर्वांत जवळ असतो आणि त्या उंचवट्यावर पहिल्यांदा घासतो तोही हाच. आता पाहा, गाडी उचलण्यासाठी पाट्यांच्या कमानी वाढवतात किंवा स्प्रिंगखाली ठोकळे घालतात. त्यामुळे आसाच्या वरचा सांगाडा उचलला जातो. आस आणि तो गोळा जागच्या जागीच राहतात! आस उचलणारी वस्तू एकच, ती म्हणजे मोठा टायर. दोन इंच उचललेली गाडी रुबाबदार दिसते, तरी चाकोरीतल्या उंचवट्यावर तिचा गोळा पूर्वीइतकाच घासतो.

मग गाडी उचलायची कशाला? त्याचे मुख्य कारण म्हणजे मोठ्या टायरला फिरायला जागा हवी. सुकाणू पूर्ण वळवले की मोठ्या टायरची कड मडगार्डला लागते. गाडी खड्ड्यात आदळून स्प्रिंग दबली की टायर वरही टेकतो. सांगाडा पाच सेंटिमीटर उचलला तर ही जागा मिळते, पण गाडी उभी असताना. स्प्रिंग किती दबावी याची मर्यादा एक रबरी ठोकळा ठरवतो. तो बदलला नाही, तर मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग पूर्वीइतकीच दबते आणि टायर मडगार्डला घासतोच.

मराठवाड्यात या मोकळ्या जागेला आणखी एक मोल आहे. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून थिजला. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या चवडी. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की चवड फुगते, वाळली की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पायाला सोडत नाही. टायरच्या खाचा या मातीने भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि जागीच फिरू लागतो. चाकाभोवती मोकळी जागा असेल तर वेगाने फिरताना चिखल उडून जातो. नसेल तर सायकलीसारखी गत होते. यासाठी माझे मत असे की काळ्या रानात जायचे असेल तर उचलून मिळवलेली सगळी जागा मोठ्या टायरने खाऊन टाकण्यात शहाणपण नाही. थोडा मोठा टायर आणि भरपूर फट, हीच जोडी बरी.

मोठा टायर रुतत नाही, हेही तपासू. गाडीचे वजन १६०० किलोग्रॅम धरा, म्हणजे एका चाकावर ४०० किलोग्रॅम. हवा ३० पौंड असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम होतो. हा भार मुख्यत्वे आतल्या हवेनेच पेलायचा असल्याने टायर जमिनीला सुमारे १९० चौरस सेंटिमीटर टेकतो. टायर मोठा घेतला, पण हवा तेवढीच ठेवली, तर? भार तोच, दाब तोच, म्हणून क्षेत्रफळही जवळपास तेवढेच! फक्त त्याचा आकार बदलतो. याउलट जुन्याच टायरमधली हवा १८ पौंडांवर आणली, तर क्षेत्रफळ ३१५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. चिखलात हा बिनखर्ची उपाय मोठ्या टायरपेक्षा जास्त कामाचा. मात्र डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो, फुटतो, आणि वळणावर रिमवरून निसटू शकतो.

मातीची खोलीही पाहावी लागते. गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांत काळा थर खोल असतो. बालाघाटच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी तो वीतभर, आणि खाली मुरूम. जेथे मुरूम जवळ आहे, तेथे अरुंद टायर चिखल कापत खाली जाऊन घट्ट जमिनीची पकड घेतो. तेथे रुंद टायर उलट वरच घसरत राहतो.

आता दगड. चाकासमोर १० सेंटिमीटर उंचीचा दगड आला, तर तो चढण्यासाठी आसाला किती जोराने ओढावे लागेल? बलांच्या परिबलांवरून हे काढता येते. ३५ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला चाकावरच्या भाराच्या सुमारे ९८ टक्के जोर लागतो. दीड सेंटिमीटर मोठ्या त्रिज्येला सुमारे ९५ टक्के. फरक अगदी थोडा. पण ६५ सेंटिमीटर त्रिज्येच्या बैलगाडीच्या चाकाला केवळ ६३ टक्के! सुताराने परिबलाचे सूत्र कधी पाहिले नव्हते, पण चाक मोठे का करायचे हे त्याला पक्के ठाऊक होते.

जो लाभ होतो त्याची किंमत कोठे ना कोठे मोजावी लागते. समजा कोणी हौसेने ३१ इंचांचा, म्हणजे ७८७ मिलिमीटर व्यासाचा टायर बसवला. इंजिन आसाला जे परिबल देते ते तेवढेच राहिले. बल म्हणजे परिबल भागिले त्रिज्या. म्हणून जमिनीवर मिळणारा ओढ जवळजवळ ११ टक्क्यांनी घटला. चढावर गिअर लवकर उतरवावा लागेल. ब्रेकचेही तसेच. पाय तेवढाच दाबला तरी गाडी थांबवणारे बल त्याच प्रमाणात कमी होते. वेगमापक तर चाकाचे फेरे मोजून वेग सांगतो. टायर मोठा झाला हे त्याला कोण सांगणार? पूर्वी तो बरोबर होता असे धरले, तर आता काटा ६० वर असताना गाडी ताशी ६७ किलोमीटर वेगाने धावत असते.

त्याहून गंभीर गोष्ट गुरुत्वमध्याची. दोन चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर असेल, तर ४५ अंशांच्या आडव्या उतारावर गाडी कलंडण्याच्या बेतात येते. गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर वर गेला की तो कोन साडेबेचाळीस अंशांवर येतो. हा हिशेब उभ्या गाडीचा. वळणावर धावताना स्प्रिंगा एका बाजूला दबतात, एखादे चाक खड्ड्यात जाते, आणि धोका या कोनाच्या पुष्कळ अलीकडे उभा राहतो. त्यात छपरावर सामान रचले असेल तर विचारूच नका.

पावसाळ्यात नळकांडी पुलावरून पाणी वाहत असताना 'आपली गाडी उंच आहे' म्हणून ती पाण्यात घालण्याचा मोह होतो. येथे आर्किमिडीजला विचारा. गाडीचा तळ ५ चौरस मीटर धरला, तर तळाच्या वर चढलेले दर १० सेंटिमीटर पाणी, आत शिरेपर्यंत, गाडीला ५०० किलोग्रॅमने हलकी करते. भार हलका झाला की घर्षण घटते, आणि प्रवाह तिला आडवी ढकलू लागतो. उचलल्यामुळे मिळालेली सवलत पाच-सहा सेंटिमीटरची. नाल्याचे पाणी तेवढे चढायला फार वेळ घेत नाही. शिवाय हवेने भरलेले मोठे टायर स्वतःच तरंगू पाहतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या मूळ तपशिलांहून गाडी वेगळी होईल असा बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच उचलून धरले. तेव्हा निर्मात्याने त्या गाडीसाठी मान्य केलेली टायरची मापे कोणती, हे आधी पाहावे लागते.

शेवटी एक प्रयोग. शाळेत येणारी एखादी जीप किंवा मोटार सपाट जागी उभी असताना, मालकाच्या परवानगीने, टायरवर आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने खूण करा. चालकाला गाडी अगदी सावकाश पुढे घ्यायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहा. टायरवरची खूण पुन्हा खाली आली की गाडी थांबवून जमिनीवर दुसरी खूण करा आणि दोन्हींमधले अंतर टेपने मोजा. मग टायरवरचे आकडे वाचून व्यास काढा आणि त्याला ३.१४ ने गुणा. मोजलेले अंतर गणितातल्या परिघापेक्षा काही सेंटिमीटर कमी भरेल. भाराखाली टायर चपटा होतो, ते त्या फरकावरून कळते. हवा थोडी कमी करून हेच माप पुन्हा घेता आले, तर दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा.