काल्पनिक बेटाचा खरा नकाशा

आजचा विषय वरवर पाहता पोरखेळाचा आहे. भूमिका घेऊन खेळायचे जे खेळ असतात, ज्यांना आजची मुले रोल-प्ले म्हणतात, त्यांच्यासाठी एका नसलेल्या बेटाचा नकाशा कसा काढायचा? तसा हा प्रकार आपल्याला नवा नाही. भातुकलीत एक पोर आई होते, एक पाहुणा होतो आणि ओटीचे घर होते. १९७४मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि या भातुकलीला नियम, फासे आणि नकाशे मिळाले. एक जण सूत्रधार होतो, तो जग सांगतो. बाकीचे त्या जगातली पात्रे होतात. ‘आम्ही डोंगर ओलांडतो’, ‘आम्ही नदीकाठाने जातो’ असे ठरवत ते पुढे सरकतात.

आता प्रश्न असा, की बेटच जर खोटे, तर त्याचा नकाशा खरा वाटण्याला अर्थ काय? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना असा प्रश्न दिसला की राहवत नाही.

न्यायशास्त्रात अनुमानाचे एक जुने उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. दिसले एक, कळले दुसरे. खेळणारा माणूस नेमके हेच करत असतो. त्याला नकाशावर नदी दिसली की तो म्हणतो, हिच्या काठाने खाली गेलो तर समुद्र लागेल, मुखाशी वस्ती असेल, तिथे होडी मिळेल. नकाशावरून असे अनुमान करता आले, तर तो नकाशा वास्तव. मग झाडे-घरे नाही काढली तरी चालतील. उलट नदी मनाला येईल तिकडे वळत असेल, तर दोन-तीनदा फसल्यावर खेळाडू विचार करणेच सोडतो. तो सूत्रधाराच्या तोंडाकडे बघत बसतो. म्हणजे झालं काय? त्याचे स्वातंत्र्य गेले.

कांटने एका कबुतराचा दाखला दिला आहे. त्या कबुतराला वाटते, हा हवेचा अडथळा नसता तर आपण किती सहज उडालो असतो! पण हवा नसती तर ते उडूच शकले नसते. कल्पनेचेही तसेच आहे. म्हणून आपण एक नियम करू या. एक खोटे माफ : बेट आहे. त्यानंतरच्या प्रत्येक गोष्टीला कारण हवे. लाइबनित्सने ज्याला पुरेशा कारणाचे तत्त्व म्हटले, ते इथे पेन्सिल हातात घेऊन पाळायचे.

पाळायचे कसे, ते खऱ्या बेटावरून शिकू. आपण मॉरिशस घेऊ. मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ऊसमळ्यांवर जे मजूर गेले, त्यांत मराठी कुटुंबेही होती.

पहिले काम मोजपट्टीचे. मॉरिशस सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. एका सेंटिमीटरला चार किलोमीटर धरले, तर वहीच्या पानावर बसते. पायी चालणारा माणूस बऱ्या वाटेने दिवसाला २५-३० किलोमीटर जातो. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत फार तर तीन दिवस. तुमच्या कथेत पात्रे तीन आठवडे रानात भटकणार असतील, तर बेट मोठे करा, नाहीतर कथा लहान करा.

दुसरे, बेटाचे वय. मॉरिशस आणि त्याचे शेजारी रियुनियन ही दोन्ही ज्वालामुखीतून वर आलेली बेटे, सख्खी भावंडेच म्हणा. रियुनियन धाकटे. तिथला उंच डोंगर ३००० मीटरच्या वर जातो, दुसरा ज्वालामुखी अजून जागा आहे, आणि प्रवाळाची भित्ती किनाऱ्याच्या थोड्याच भागाला आहे. मॉरिशस थोरले. झिजून झिजून त्याचे सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरवर आले आहे, आणि जवळजवळ साऱ्या बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे. चार्ल्स डार्विन १८३६मध्ये मॉरिशसला उतरला होता. १८४२च्या आपल्या पुस्तकात त्याने मांडले, की बेट हळूहळू खचत जाते आणि प्रवाळ मात्र वर वाढत राहतो. तेव्हा ठरवा, आपले बेट तरुण की म्हातारे? तरुण असेल तर उंच सुळके, तीव्र उतार, आखूड आणि धावत्या नद्या. म्हातारे असेल तर बुटके डोंगर, पठार, आणि भित्तीच्या आत उथळ, शांत पाणी. धूर ओकणारा उंच पर्वत आणि चहूबाजूंनी रुंद, शांत पाणी, दोन्ही एकदम मागायला गेलात की कारण द्यावे लागेल.

तिसरे, वारा. नकाशाच्या कोपऱ्यात एक मोठा बाण काढा. मॉरिशसला वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून वारे येतात. ते डोंगरामुळे वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. मध्य पठाराच्या काही भागांत वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस, आणि पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्याही आत. आपल्याला हे सांगायला नको. महाबळेश्वरला धो धो पडतो आणि माणदेश आभाळाकडे बघत राहतो. तेव्हा बाणाच्या बाजूला जंगल, पलीकडे गवत नि काटेरी झुडपे.

आता नद्या काढा, त्याआधी नको. नद्या एकमेकींना मिळत जातात, वाटेत सहसा फुटत नाहीत. फाटे फुटतात ते मुखाजवळच्या सपाटीत. नदी डोंगराची रांग चढून पलीकडे जात नाही. तळ्यातून पाणी बाहेर पडते ते सहसा एकाच वाटेने. आणि नदी जवळचा समुद्र शोधत नाही, उतार शोधते. आपली कृष्णा बघा. महाबळेश्वरहून अरबी समुद्र इतका जवळ, पण ती निघते पूर्वेला आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

नद्या झाल्या की किनारा पक्का करायचा. टणक खडक समुद्रात नाक काढून उभा राहतो, मऊ भाग खाल्ला जाऊन तिथे वाळूची पुळण होते, नदीच्या मुखाशी खाडी होते. कोकणात गेलेल्याला हे डोळे मिटून काढता येईल. प्रवाळाला गोडे पाणी आणि गाळ मानवत नाही, म्हणून मोठ्या नदीच्या समोर भित्तीला बहुधा खिंडार असते. जहाज आत येणार ते तिथूनच.

माणसे सगळ्यांत शेवटी. डच लोक १५९८मध्ये मॉरिशसला उतरले ते आग्नेयेच्या उपसागरात, आज ज्याला ग्राँ पोर म्हणतात तिथे. पण वारा नेमका त्याच दिशेने आत येतो. शिडाच्या जहाजाला आत शिरणे सोपे, बाहेर पडणे महाकठीण. पुढे फ्रेंचांचा गव्हर्नर ला बूर्दोने १७३५मध्ये आला आणि त्याने वायव्येचे, डोंगराच्या आडोशाचे पोर्ट लुई मुख्य बंदर म्हणून उभारले. एका बाणाने राजधानी कुठे हे ठरवले! तुमच्या बेटावरही गाव टाकताना विचारा : प्यायचे पाणी कुठून, नांगर कुठे, शेत कुठे, आणि पलीकडे जायची खिंड कुठे?

इथे एक सावधगिरी. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१मध्ये आधी बेटाचा नकाशा काढला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ सुचले. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा हरवला. मग पुस्तकातले उल्लेख वेचून वेचून त्याला नवा नकाशा जुळवावा लागला, आणि ते काम त्याला जड गेले. सांगण्यापूर्वी काढलेला नकाशा आपल्याला वाट दाखवतो. सांगून झाल्यावर काढलेला नकाशा फक्त डागडुजी करतो.

मग खेळाडूंना चुकीचा नकाशा द्यायचाच नाही का? खुशाल द्या. प्रशांत महासागरातले ‘सँडी आयलंड’ अनेक नकाशांवर होते. २०१२मध्ये ऑस्ट्रेलियाचे संशोधन जहाज तिथे गेले, तर नुसता समुद्र! नकाशा आणि भूमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दोन नकाशे ठेवा. सूत्रधाराजवळचा पुरा. खेळाडूंच्या हातातला कुणा खलाशाने काढलेला : किनारा चोख, आतला भाग कोरा, एखादा डोंगर ऐकीव. या नकाशात चूक असू शकते, कारण माणूस चुकतो. जगात मात्र चूक नको. तसे असले तरच खेळाडूला नकाशाची चूक स्वतः पकडता येते.

शेवटी परीक्षा. नकाशावरची गावांची नावे झाका आणि ज्याला काही ठाऊक नाही अशा कुणाला तो दाखवा. विचारा, इथे वादळात जहाज कुठे लपवाल? विहीर कुठे खणाल? गाव कुठे वसवाल? त्याचे उत्तर तुमच्याशी जुळले, तर नकाशा बोलतो आहे. जुळले नाही, तर त्या जागेला कारण शोधा. कुणी राजाने हट्टाने गाव तिथे नेले असेल, जुना झरा आटला असेल. कारण सापडले तर तुम्हाला एक गोष्ट मिळाली. नाही सापडले तर खोडरबर घ्या आणि गाव हलवा.

इथे थांबू या.