चालतं कोठार : भिंती नसलेल्या लष्करी गोदामाचा इतिहास कसा शोधायचा?

संशोधनाचा विषय ठरवताना आपण एक चूक हमखास करतो. प्रश्न पक्का व्हायच्या आधीच जागा शोधायला लागतो. माझंही तेच झालं. वऱ्हाडातल्या लष्करी रसदीवर काम करायचं ठरलं आणि मी जुन्या नकाशांवर वाशिमच्या आसपास कोठार शोधत बसले. सापडेना. शेवटी गाईडनी विचारलं, "कोठाराला भिंती असायलाच हव्यात का?" त्या एका प्रश्नाने विषयच बदलला.

म्हणून आधी व्याख्या. लष्करी कोठार म्हणजे काय? फौजेला लागणारा माल साठवायचा, राखायचा आणि वेळेवर पोचवायचा, ही झाली कोठाराची कामं. यात इमारत कुठेच अनिवार्य नाही. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमध्ये यातलं मोठं काम बंजाऱ्यांचे तांडे करत. धान्य बैलांच्या पाठीवर, गोणीत. कोठार फौजेबरोबर चालायचं!

१८०३ चं उदाहरण घेऊ. आर्थर वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि तिथे रसदीचा तळ केला. हे भिंतींचं कोठार. पण पुढे २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातलं अडगाव आणि डिसेंबरमध्ये गाविलगड अशी फौज सरकत गेली. किल्ला काही तिच्यामागे चालत येणार नव्हता. मधलं अंतर बैलांनी भरून काढलं. त्यातून त्या वर्षी दख्खनमध्ये दुष्काळ होता, म्हणजे वाटेतल्या गावात धान्य मिळेल याचाही भरवसा नाही.

किती बैल लागत असतील? एक ढोबळ हिशेब करू. आकडे गृहीत आहेत, पद्धत महत्त्वाची. लढणारे १०,००० आणि बाजारबुणगे धरून ४०,००० माणसं. माणशी रोज पाऊण किलो धान्य म्हणजे ३०,००० किलो. एका बैलावर १०० किलो धरले तर दिवसाला ३०० बैल, महिन्याला ९,०००. घोड्यांचा दाणा यात धरलेलाच नाही. पानिपतावर रसद तुटल्यावर काय झालं ते आपण शाळेत वाचलेलं असतं. हा हिशेब केला की ते खऱ्या अर्थाने कळतं.

आता मुद्दा असा की हे बंजारे फौजेचे नोकर नव्हते, व्यापारी होते. स्वस्ताईच्या भागात धान्य घ्यायचं, नायकाच्या हुकमतीत तांडा हाकायचा आणि छावणीच्या बाजारात विकायचं. या लादणीच्या धंद्यात बैल वाटेतल्या कुरणांवर चरत, त्यामुळे चाऱ्याचा खर्च कमी. बदल्यात फौजेने संरक्षण द्यायचं. म्हणूनच पगारपत्रकात त्यांची नावं शोधून हाती फार काही लागत नाही. नफा-तोटा त्यांचा, हिशेबही त्यांचाच, आणि तो बहुतांशी तोंडी.

मग पुरावा कुठे शोधायचा? तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, शब्द बदला. इंग्रजी कागदांत 'ब्रिंजारी', 'लंबाडी' अशी रूपं भेटतात. मराठीत 'लमाण', 'वंजारी'. पण जपून. आजचा वंजारी समाज वेगळा आहे आणि जुन्या कागदांत ही नावं एकमेकांत मिसळतात. प्रत्येक उल्लेख संदर्भ पाहूनच घ्या.

दुसरी, लिहिणारा कोण ते पाहा. सेनापतीला काळजी धान्य वेळेवर येईल का याची. बैल मेले, नायक कर्जात बुडाला, याची नोंद तो कशाला ठेवेल?

तिसरी, मोठे आकडे तपासा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात एक परंपरा नोंदवली आहे. १६३० च्या सुमारास मुघल सरदार आसफखानाबरोबर भंगी आणि जंगी हे नायक १,८०,००० बैल घेऊन दख्खनमध्ये आले. वरच्या हिशेबाने एवढं धान्य आपल्या ४०,००० माणसांना ६०० दिवस पुरेल! मुघल फौज याहून मोठी असेल, तरी हा आकडा पुरावा म्हणून थेट वापरू नका. तो परंपरेची आठवण सांगतो, आणि तेही मोलाचंच आहे.

हे चालतं कोठार थांबलं कसं? १८५३ मध्ये निजामाने हैदराबाद कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. वाशिमचा शेतसारा आता ज्या फौजेच्या खर्चाला लागला, तिची एक छावणी शेजारच्या हिंगोलीतच होती. १८६७ मध्ये अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. माल वॅगनमधून जाऊ लागला. पुलगावचं दारूगोळा भांडार याच लोहमार्गावर आहे, हा योगायोग नव्हे. कोठाराला भिंती आल्या आणि बैलांचं काम गेलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर ठिकठिकाणी फिरत्या समाजांच्या फिरण्यावरच संशयाचा शिक्का मारला. ज्या फिरण्यावर फौजा जगल्या, तेच फिरणं गुन्ह्याचं लक्षण ठरलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे.

वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचं ठिकाण. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. लष्करी इतिहास शोधणाऱ्याने तिथे का जावं, हे आता वेगळं सांगायला नको. कोठाराच्या एका बाजूचे कागद दप्तरखान्यात आहेत. दुसरी बाजू गाण्यांत, वाटांच्या नावांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. त्या माणसांकडे आधी जा. दप्तरखाना पुढच्या वर्षीही उघडा असेल.