भाऊबीजेनंतर किती उरलं?

गणपतीचं विसर्जन झालं की वर्गातल्या निम्म्या मुलांचे स्टेटस बदलतात. कुणी आकाशकंदील विकतंय, कुणी रंगवलेल्या पणत्या, कुणी उटणं आणि सुगंधी तेलाचा गिफ्ट बॉक्स. कुणाच्या आईच्या हातची चकली आता सोसायटीबाहेरही मिळणार असते. नाव ठरतं, लोगो बनतो, इन्स्टावर रील पडतं, ग्रुपवर मेसेज येतो : ‘दिवाळी ऑर्डर्स सुरू!’ पॉकेटमनीला हातभार, अनुभव आणि थोडी हवा, असं सगळं एकत्र. उत्साहाची कमी नसते. राहून जातं ते एकच गणित, की यातला माल विकला गेला नाही तर काय?

वर्षभर चालणाऱ्या दुकानाला आज नाही खपलं तर उद्या खपेल, असं म्हणता येतं. दिवाळीच्या धंद्याला तो ‘उद्या’ नसतो. नरकचतुर्दशीला दोनशे रुपयांना विचारला जाणारा कंदील आठवड्याने चाळीस रुपयांनाही कुणी घेत नाही. म्हणून या सीझनची कमाई किती विकलं यावर ठरत नाही. भाऊबीजेनंतर घरात काय पडून राहिलं, यावर ठरते.

कॅलेंडर उलटं वाचा

दिवाळी दरवर्षी एकाच तारखेला येत नाही, हे माहीत असूनही नियोजनात विसरलं जातं. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, तर २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. म्हणजे तीन आठवड्यांचा फरक. ‘मागच्या वेळी ऑक्टोबरच्या शेवटी माल आणला होता’ हा अनुभव पुढच्या वर्षी उपयोगी पडेलच असं नाही. इंग्रजी तारखांऐवजी सणांच्या हिशेबाने मोजा. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस. विक्रीचा खरा जोर याच दिवसांत. तयारी मात्र त्याआधी संपायला हवी.

त्यातही प्रत्येक वस्तूची घाईची वेळ वेगळी. कंदील वसुबारसेला दारात लागलेला हवा असतो, म्हणून त्याचा ग्राहक सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात आधी गायब होतो. उटणं पहिल्या अंघोळीआधी हवं. फराळ लोकांना ताजा हवा असतो, पण बाहेरगावी पाठवायचा असेल तर बराच आधी. ऑफिसात वाटायच्या भेटवस्तू सुट्टी लागण्यापूर्वीच्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचल्या नाहीत, तर पोहोचून उपयोग नाही. भावा-बहिणीसाठीची गिफ्ट भाऊबीजेच्या सकाळपर्यंत खपते. पणत्या आणि रांगोळीला तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा अशी आणखी एक खिडकी मिळते.

तुमची वस्तू ज्या दिवशी ग्राहकाच्या हातात पडायला हवी, तिथून मागे मोजत या. पोहोचवायला दोन दिवस, पॅकिंगला तीन, बनवायला दहा, कच्चा माल आणायला चार. मग त्यावर सेमिस्टरचं वेळापत्रक ठेवून बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सबमिशन, व्हायवा आणि पेपर याच दिवसांवर येऊन आदळतात. दोघी मैत्रिणींनी मिळून धंदा काढलाय आणि दोघींचा पेपर एकाच दिवशी असेल, तर त्या दिवशी ऑर्डर कोण पोहोचवणार, हे आधीच ठरलेलं बरं.

ज्यांचं पोट यावर आहे, ती माणसं असंच काम करतात. पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्तींचं काम जवळजवळ वर्षभर चालू असतं. धारावीच्या कुंभारवाड्यात पणत्या दिवाळीच्या आठवड्यात घडवायला घेत नाहीत, कारण माती वाळायला ऊन लागतं आणि पावसाचा भरवसा नसतो. हा पाऊस तुमच्याही हिशेबात धरा. कागदाचे कंदील गॅलरीत रचून ठेवले आणि परतीच्या पावसाने गाठलं, तर नफा तिथेच भिजतो.

माल किती आणायचा?

मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत होलसेलचा भाव ऐकला की हात मोकळा सुटतो. ‘शंभर घेतले तर अजून स्वस्त’ हे वाक्य भल्याभल्यांना महागात पडतं. तिथे उभं राहण्याआधी घरी एक हिशेब करून जा. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत त्याला ‘न्यूजव्हेंडर प्रॉब्लेम’ म्हणतात. सकाळचा पेपर संध्याकाळी रद्दी होतो, मग विक्रेत्याने किती प्रती घ्याव्यात, हा तो प्रश्न. दिवाळीचा माल याच जातीचा.

स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. एक वस्तू कमी पडली तर माझं किती जाईल? आणि एक वस्तू जास्त झाली तर किती जाईल?

समजा, कंदील १२० रुपयांना पडला आणि २०० ला विकायचाय. कमी पडला तर ८० रुपयांचा नफा हुकला. उरला आणि ४० ला काढावा लागला, तरी ८० रुपये गेले. दोन्हीकडचं वजन सारखं. म्हणून अंदाजाच्या मधोमध राहायचं. चाळीस ते साठ खपतील असं वाटत असेल, तर पन्नास आणायचे.

आता पणत्यांचा एक सेट. पडला ६० ला, विकायचाय १०० ला. उरला तरी त्रिपुरी पौर्णिमेला ५० ला जाईल. कमी पडला तर ४० चं नुकसान, उरला तर फक्त १० चं. इथे हात सैल सोडायला हरकत नाही.

आणि फराळ? किलोभर चिवड्याला ३०० रुपये खर्च, विक्री ४०० ला. कमी पडला तर १०० चा नफा हुकला. उरून खवट झाला तर पूर्ण ३०० पाण्यात. इथे अंदाजाने बनवणं म्हणजे जुगार. जेवढी ऑर्डर, तेवढाच घाणा.

आकडे तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच. एकाच दुकानातल्या तीन वस्तूंना तीन वेगळे नियम लागू होतात, हे एकदा लक्षात आलं की ‘सगळंच थोडं जास्त आणूया’ हे बोलणं बंद होतं.

आईच्या हाताची किंमत

घरगुती धंद्यातला सगळ्यात मोठा न दिसणारा खर्च म्हणजे घरच्यांचे कष्ट. समजा, पाच किलो चकलीची ऑर्डर आली, ४५० रुपये किलोने. हातात आले २,२५०. भाजणी, तेल, गॅस, डबे आणि लेबलं मिळून गेले १,५०० आणि पोहोचवायला १५०. उरले ६००. वा, सहाशे रुपये नफा! पण आई आणि तुम्ही मिळून प्रत्येकी पाच तास, म्हणजे एकूण दहा तास राबलात. तासाला साठ रुपये पडले. हा नफा नाही, ही मजुरी आहे, आणि तीही फारशी बरी नाही.

किंमत ठरवताना या तासांचे पैसे आधी धरा. ते धरल्यावर भाव फारच चढा वाटला, तर तो पदार्थ यादीतून काढा. चार गोष्टी नीट विकणं हे दहा गोष्टींत दमछाक करून घेण्यापेक्षा केव्हाही बरं. आणि कमाईतला आईचा वाटा तिच्या हातात द्या. ‘घरचंच तर आहे’ म्हणून तिचे तास फुकट धरले, तर धंदा तिच्या पाठीवर चालतो आणि नाव तुमचं होतं. शिवाय घरची दिवाळी तिलाच करायची असते, हेही विसरायला नको.

उधारी, अॅडव्हान्स आणि एक वही

मित्र, शेजारी, मावशी, काका हे पहिले ग्राहक. उधारीही तिथेच अडकते. ‘नंतर जीपे करतो’ म्हणणाऱ्याला आठवण करून देणं अवघड जातं. म्हणून नियम सुरुवातीलाच सगळ्यांना सारखा सांगा : ऑर्डर देताना अर्धे, माल मिळताना अर्धे. नाव घालून बनवायच्या वस्तूंना तर पूर्ण पैसे आधी. नाव छापलेला बॉक्स दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

धंद्याचे पैसे आणि खिशातले पैसे एकाच खात्यात ठेवले की हिशेब संपला. वेगळं खातं जमत नसेल, तर निदान एक वही ठेवा आणि रोज रात्री तीन आकडे लिहा : आज किती आले, किती गेले, किती यायचेत. प्रदर्शनात स्टॉल लावणार असाल, तर भाडं, टेम्पो, दोन वेळचा चहा-वडापाव हेही लिहा. भागीदारी असेल तर नफ्याची वाटणी आधी बोलून घ्या आणि तोट्याचीही. तोटा कसा वाटायचा हे ठरलेलं नसल्यामुळे मैत्री तुटलेली बरीच उदाहरणं कँटीनमध्ये ऐकायला मिळतील.

खाण्याच्या वस्तू विकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. घरातून विकला जाणारा फराळ छोट्या प्रमाणावर असला, तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. त्या नोंदणीला चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर टाका. अर्ज ऑनलाइन होतो, पण तो दसऱ्यानंतर करायची गोष्ट नाही. पाकिटावर बनवल्याची तारीख, वजन, किंमत आणि घटक लिहा. शेंगदाणे, काजू, तीळ असतील तर ठळक लिहा. एखाद्याला त्याची अॅलर्जी असते आणि तिथे ‘सांगायचं राहिलं’ चालत नाही.

‘ऑर्डर बंद’ म्हणायला शिका

सीझनमधला सगळ्यात कठीण शब्द ‘नाही’. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री वीस बॉक्सची ऑर्डर आली की लक्ष्मी घरी चालून आल्यासारखं वाटतं. पण त्या वीस बॉक्सपायी आधीच्या साठ जणांचं सामान उशिरा गेलं, तर वीस मिळवून साठ गमावले. आपल्या हातून दिवसाला किती होतं, हे पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवा आणि ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख पहिल्या पोस्टमध्येच टाका. तारीख उलटली की पोस्ट बदला : ‘ऑर्डर बंद, धन्यवाद.’ पुढच्या वर्षी आधी यायचं, हे ग्राहक त्यातूनच शिकतो.

आणि काही बिघडलंच, कंदील फाटला, डबा चेपला, तर वाद न घालता बदलून द्या. त्यासाठी प्रत्येक वस्तूच्या दोन-चार जास्तीच्या ठेवा आणि त्यांचा खर्च आधीच किमतीत धरा.

आपल्याकडे व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करतात आणि पाडव्यापासून नवं खातं मांडतात. जुनं नीट बंद केल्याशिवाय नवं उघडायचं नाही, ही शिस्त त्यामागे आहे. तुम्हीही भाऊबीज झाली की तुळशीच्या लग्नाआधी एक संध्याकाळ काढा. काय संपलं, काय उरलं, कुणाचे पैसे यायचेत, कोणत्या दिवशी सगळ्यात जास्त फोन आले, कोणत्या वस्तूला लोकांनी हात लावून परत ठेवलं, सगळं लिहा. उरलेला माल माळ्यावर टाकून विसरू नका. मोजा आणि त्याची रक्कम वहीत लिहा. तो आकडा वाचायला आवडणार नाही. पण पुढच्या वर्षी होलसेलवाला ‘शंभर घ्या, स्वस्त पडतील’ म्हणेल, तेव्हा तोच आकडा तुमच्या बाजूने बोलेल.