लाइट गेली की धोटा अडतो

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे पंचगंगेकाठच्या या जहागिरीच्या गावाची ओळखच कापडाशी जोडली गेली. या धंद्याचा मोठा भार ‘खर्चीवाल्यां’वर आहे, खर्चीवाला म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणारा, मोजक्या मागांचा मालक. त्याची मजुरी प्रतिमीटर, प्रतिपिक अशी पैशांत ठरते (पिक म्हणजे एक आडवा धागा, ते कापडाच्या दर इंचाला मोजतात), आणि कामगाराचा पगारही उतरलेल्या कापडावरच अवलंबून असल्याने वीज गेली की दोघांचीही कमाई एकाच वेळी थांबते.

साध्या मागाला सुमारे एक अश्वशक्तीची मोटर पुरते. आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन उभ्या धाग्यांमधून ये-जा करणारा लाकडी धोटा मोटरीच्या जोरावर मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फेकला जातो. ‘लाइट गेली’ की माग जागच्या जागी थांबत नाही. वेग उतरत जातो, फेक दुबळी होते आणि पलीकडच्या पेटीत पोहोचण्याआधीच धोटा उभ्या धाग्यांत अडकतो. त्यावर आडवा धागा ठोकून बसवणारी फणी आदळली तर धाग्यांचा मोठा पट्टा एकदम तुटतो. तसे होऊ नये म्हणून मागाला अटकाव असतो खरा, पण झिजलेल्या मागात तो दर वेळी वेळेवर लागेलच असे नाही. मग एकेक धागा वहीतून (उभे धागे वर-खाली करणारी चौकट) आणि फणीतून ओवून सांधावा लागतो, आणि एवढे करूनही माग पुन्हा सुरू झाला त्या जागी घट्ट किंवा विरळ आडवी पट्टी उमटली, तर व्यापारी तिचे पैसे कापतो. म्हणूनच भारनियमनाचे नुकसान केवळ तासांत मोजणे अपुरे आहे: सलग तासभर गेलेल्या विजेपेक्षा दिवसात दहा वेळा पाच-पाच मिनिटे गेलेली वीज मागवाल्याला महाग पडते.

पुरती गेलेली वीज निदान कळते. अर्धवट येणारी अधिक घातकी. या मोटरींचा जोर विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे दाब २० टक्क्यांनी उतरला तर जोर ३६ टक्क्यांनी घटतो, आणि तीनपैकी एक फेज गेली तर चालती मोटर तापून जळते.

वीज मंडळाचे विभाजन होऊन २००५ मध्ये महावितरण कंपनी आली, त्या सुमारास राज्यात तीव्र भारनियमन सुरू होते आणि वीजगळती व वसुली पाहून भागांचे गट पाडले जात. भारनियमनाचे वेळापत्रक कितीही जाचक असले तरी त्याभोवती काम बेतता येत असे: संपलेल्या बीमच्या (उभ्या धाग्यांच्या रुळाच्या) जागी नवे चढवणे, वही-फणीची कामे, तेलपाणी. कांड्या मात्र आधीच भरून ठेवाव्या लागत, कारण कांडीचे यंत्रही विजेवरच चालते.

जनित्र हा उपाय वरवर सोपा वाटतो. लहान जनित्रावर एक लिटर डिझेलमागे साधारण तीन युनिट वीज मिळते, म्हणजे डिझेल नव्वद रुपये लिटर धरले तर निव्वळ इंधनापोटी युनिट तीस रुपयांना पडते. शिवाय सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढत असल्याने जनित्र मागांच्या गरजेहून बरेच मोठे घ्यावे लागते. पैशांत ठरणाऱ्या मजुरीत हे बसत नाही. खर्चीवाल्याकडे इन्व्हर्टर असलाच तर तो ट्यूबलाइट आणि पंख्यापुरता असतो. वीज परत आली की आधी अडकलेला धोटा हाताने काढतात, आणि मग स्टार्टरची बटणे एकामागून एक दाबली जातात.