स्टेरॉइडचं मलम लावताना

इसब किंवा सोरायसिसमुळे कातडी लाल होऊन खाजायला लागली की डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचं मलम लिहून देतात. ते दाह उतरवतं, बुरशी मारत नाही. म्हणून शेजारणीची ट्यूब मागून आणून नायट्यावर चोळणं घातक. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याची उठावदार कड पुसट होते आणि पुढे डॉक्टरांनाही तो नायटा म्हणून ओळखणं अवघड जातं.

लावायचं किती? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ पिळा. हे झालं साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला ते पुरतं. दिवसातून एकदा किंवा दोनदा, डॉक्टर सांगतील तसं, फक्त दुखऱ्या जागेवर. भीतीपोटी नखाएवढंच लावलं तर इसब हटत नाही आणि उपचार लांबतो.

सगळी स्टेरॉइडं सारखी नसतात: हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, क्लोबेटासॉल अतिशय जहाल. चेहरा, काख, जांघ आणि बाळाची त्वचा नाजूक. तिथे औषध जास्त मुरतं. चेहरा उजळावा म्हणून तरुण मुली महिनोन्‌महिने बेटामेथासोन हे स्टेरॉइड लावतात, याचं फार वाईट वाटतं. कातडी विरते, बारीक शिरा दिसतात, मुरमं येतात आणि लव वाढते. बंद केलं की चेहऱ्याची आग होते. अशांनी ते कसं थांबवायचं हे त्वचारोगतज्ज्ञालाच विचारावं. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून पुन्हा तीच ट्यूब आणू नये.