शल्यवैद्यांच्या परिषदा आणि पारितोषिकें

शल्यवैद्यांच्या वार्षिक परिषदांत निबंध वाचले जातात, पारितोषिकें दिलीं जातात. पेण-रोह्याच्या रुग्णाला त्यांचा उपयोग काय? मिठागरांत ओझीं वाहणाऱ्या मजुरास अंतर्गळ झाला, कीं त्याची मजुरीच बुडते. पोटाच्या भिंतीचा सैल पडलेला भाग नुसता ओढून शिवला, तर ताण पडून तो पुन्हां उघडण्याचें भय असतें. म्हणून तेथें जाळीचें ठिगळ लावतात. मात्र तयार जाळीची किंमत गरिबास झेपत नाहीं.

भारतांतील ग्रामीण शल्यवैद्यांच्या संघटनेच्या अधिवेशनांत अशाच अडचणींचा ऊहापोह होतो. तेथील नव्या युक्तींच्या पारितोषिकास डॉ. अँटियांचें नांव जोडलेलें आहे. तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत मांडव्यास आरोग्यसेवेचा प्रयोग करणारे तेच हे अँटिया.

दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं तर चक्क मच्छरदाणीचें कापड वापरलें! त्यांचा व सहकाऱ्यांचा अनुभव २००३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें युगांडांत ३०२ पुरुषांवर दोन्ही जाळ्यांची तुलना झाली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, वर्षभरांत स्वस्त जाळीच्या गटांत एकासच अंतर्गळ पुन्हां झाला, महाग जाळीच्या गटांत कोणासही नाहीं. हा फरक नगण्य होय.

अर्थात् बाजारांतून आणलेलें कापड तसेंच पोटांत घालावयाचें नसतें. तें १२१ अंश सेल्सिअस वाफेंत निर्जंतुक करावें लागतें. १३४ अंशांवर तें आकसतें.